हे कपाट नक्की कुठलं?

जुन्या फर्निचरच्या दुकानात दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली म्हणजे, 'मॅडम, असा पीस पुन्हा येणार नाही.' आणि दुसरी त्या पीसचं गाव. आरसा असेल तर गोव्याचा, पेटारा असेल तर सौराष्ट्रातला, खुर्ची असेल तर कुठल्या तरी पारशी बंगल्यातली. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जा नाहीतर ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमध्ये, गावाचं नाव चिकटलं की वस्तूची किंमत वाढते. अलीकडे या यादीत एक नवं नाव ऐकू येतं: गडचिरोली.

माझ्या एका मैत्रिणीने ठाण्यातल्या नव्या टू बीएचकेसाठी असंच एक कपाट पसंत केलं. दोन दारं, दारांवर फुलांची नक्षी, वरच्या पट्टीवर गणपती, रंग एकदम काळपट सोनेरी. दुकानदाराचं म्हणणं, 'ट्रायबल अँटिक आहे, गडचिरोलीचं, दीडशे वर्षं जुनं.' किंमत एक लाख साठ हजार. तिने टोकन म्हणून दहा हजार देऊनही टाकले आणि मग मला कपाटाचे बारा फोटो पाठवले. कारण मी ताडोबाला निघाले होते. 'तिकडेच चाललीयेस ना, जरा विचार की कुणाला!' जणू चंद्रपूरला उतरलं की स्टेशनबाहेर कपाट-चौकशी खिडकी असते.

ताडोबाबद्दल लिहिणारे खूप आहेत, म्हणून वाघाचं राहू द्या. ऑफिसचा ग्रुप सफारी आटोपून नागपूरला परतला आणि मी दोन दिवस मागे राहिले. मोबाइलमध्ये बारा फोटो आणि डोक्यात एकच प्रश्न.

चंद्रपूर म्हणजे गोंड राजांची राजधानी. शहराभोवतीचा परकोट अजून उभा आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अचलेश्वर अशा चार मोठ्या दरवाज्यांतून आजही रिक्षा, बस आणि कोळशाचे धंदेवाले जात-येत असतात. दरवाज्यावर मान वर करून बघितलं तर हत्तीवर झेपावलेला सिंह दिसतो. ते गोंड राजांचं चिन्ह. राजघराण्याच्या समाध्या, अचलेश्वराचं देऊळ, सगळीकडे कोरीवकाम आहे आणि ते सगळं दगडात आहे. गडचिरोलीच्या बाजूला वैनगंगेकाठी मार्कंडादेवची मंदिरं आहेत. त्यांना विदर्भाचं खजुराहो म्हणतात ते काही उगाच नाही. पण तिथेही छिन्नी चालली ती दगडावरच. सागाच्या जंगलात वसलेल्या या मुलखात नक्षीदार लाकडी कपाटांची परंपरा मात्र मला कुठे दिसेना. जुन्या घरांत दिसले ते जाड, साधे खांब, तुळया आणि माळे.

आता जरा 'कपाट' या शब्दाकडेच बघा. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. आपल्या जुन्या घरांत सामान राहायचं ते भिंतीतल्या फडताळात, कोनाड्यात, पेटीत नाहीतर माळ्यावर. भिंतीला टेकून उभं राहणारं, चार पायांचं, दोन दारांचं कपाट आपल्याकडे सर्रास झालं ते युरोपियनांच्या वळणाने. 'अलमारी' हा शब्द तर थेट पोर्तुगीजांकडून आला. तेव्हा 'परंपरागत आदिवासी कपाट' असं कुणी म्हणालं की आधी थोडं थांबायचं. एवढ्यावरूनच मामला संपत नाही, पण थांबायचं.

चंद्रपूरहून पंधरा किलोमीटरवर बल्लारपूर. रेल्वेच्या पाटीवर मात्र बल्लारशाह. 2018 साली रेल्वेच्या स्टेशन सुशोभीकरण स्पर्धेत चंद्रपूर आणि बल्लारशाह यांनी मिळून देशात पहिला नंबर काढला होता. भिंतीवरचे वाघ इतके झकास की ताडोबात वाघ न दिसलेल्यांनी इथेच फोटो काढून घ्यावेत. पण फर्निचरवाल्यांच्या जगात बल्लारशाह ओळखलं जातं ते सागासाठी. मुंबई-पुण्यापासून हैदराबादपर्यंत 'बल्लारशाह टीक' म्हटलं की सुतार मान डोलावतो. काही जुने व्यापारी अजूनही 'सीपी टीक' म्हणतात. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. हा प्रांत 1950 नंतर नकाशावर त्या नावाने उरला नाही, लाकडाच्या वखारीत मात्र टिकून आहे!

वनविकास महामंडळ 1974 साली स्थापन झालं. त्याच्या आणि वन विभागाच्या आगारांत ओंडके थप्प्या लावून ठेवलेले असतात. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर नंबर, लांबी, गोलाई आणि हातोड्याने उठवलेली निशाणी. लिलावात थप्पी विकली गेली की वाहतुकीचा परवाना, म्हणजे सगळे ज्याला टीपी म्हणतात तो, आणि मग ट्रक. इथपर्यंत प्रत्येक ओंडक्याला जन्मदाखला असतो. कुठला विभाग, कुठला कूप, सगळं लिहिलेलं. आरागिरणीत ओंडका चिरला की निशाणीचा तुकडा भुशात जातो आणि लाकूड अनाथ होतं. पुढे ते ज्या गावात कोरलं जातं ते त्याचं गाव.

याचं अगदी ताजं उदाहरण अयोध्येचं. 29 मार्च 2023 रोजी बल्लारपूरहून राममंदिराच्या दारांसाठीचं सागवान वाजतगाजत निघालं. दारं घडवण्याचं काम हैदराबादच्या कंपनीकडे, कोरणारे कारागीर तामिळनाडूचे, नक्षी नागर शैलीची, त्यातल्या काही दारांवर सोन्याचा मुलामा. 22 जानेवारी 2024 ला सगळ्या देशाने ती दारं टीव्हीवर पाहिली. आता कल्पना करा, दोनशे वर्षांनी यातलं एखादं दार कुणा अभ्यासकापुढे आलं. नक्षी बघून तो तामिळ हात ओळखेल, शैली बघून उत्तर भारत म्हणेल. चंद्रपूरचं नाव त्याच्या तोंडी येईल ते कुणी कागद जपून ठेवला असेल तरच. 2023 मध्येच उघडलेल्या नव्या संसद भवनाच्या सामानाची यादी पेपरांत आली, तेव्हा गालिचे मिर्झापूरचे, बांबूची जमीन त्रिपुराची आणि सागवान 'नागपूरचं' असं छापून आलं. नागपूर ही बाजारपेठ झाली हो. सीताबर्डीवर काही सागाचं जंगल नाही.

म्हणजे कपाट कुठलं, हा एक प्रश्न नसून तीन आहेत. लाकूड कुठलं, कोरलं कुठे, आणि जोडलं कुठे? दुकानदार तिन्हींचं उत्तर एकाच शब्दात देतो. आपण पैसेही त्या एका शब्दाचे देतो.

बल्लारपूरच्या एका आरागिरणीवर साठीच्या घरातले एक मिस्त्री भेटले. फोटो मोठा करून त्यांनी आधी नक्षी पाहिलीच नाही. दारांचे कोपरे पाहिले. मग दुसरा फोटो, तिसरा. मग म्हणाले, "ताई, हे कपाट नाही जी. दार आहे."

आणि मग त्यांनी जे दाखवलं ते दिसायला लागल्यावर पुन्हा न दिसणं अशक्य होतं. डाव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात एक गोल खुंट कापून सपाट केलेला. जुनी दारं बिजागरीवर फिरत नसत. फळीला वर-खाली असे खुंट ठेवून ते चौकटीतल्या भोकांत बसवत. दुसरी गोष्ट, मध्यावर छातीच्या उंचीला एक गोल ठिगळ. तिथे कडी होती. तिसरी, काठावरचं फूल अर्धं कापलेलं. कुठलाही कोरणारा आपलं फूल अर्धं सोडत नाही. कपाटाच्या मापात बसवायला कुणी तरी मागाहून फळी तासली. आणि चौथी गोष्ट मला सगळ्यात आवडली. दोन्ही दारांचा खालचा वीतभर भाग वरच्यापेक्षा जास्त झिजलेला, भेगाळलेला होता. पावसाचं पाणी, अंगणातला सडा, लाथा, झाडू. घरात भिंतीशी उभ्या असलेल्या कपाटाच्या पायाशी असा पाऊस पडत नाही.

मागच्या बाजूचा फोटो दुकानदाराने दिलेला नव्हता. पण आतल्या बाजूच्या एका फोटोत मागचा पत्रा प्लायवूडचा दिसत होता आणि खणाला स्टार स्क्रू. चौफुलीच्या खाचेचे हे स्क्रू 1930च्या दशकात अमेरिकेत बाजारात आले. दीडशे वर्षांपूर्वीच्या गडचिरोलीत ते पोचणं जरा कठीणच! जुना स्क्रू ओळखायचा तर खाच सरळ एकच, आणि 1850च्या आधीचा असेल तर टोक बोथट. आतल्या, न दिसणाऱ्या फळीवर हात फिरवा. हाताने ओढलेल्या करवतीचे ओरखडे सरळ आणि अनियमित असतात, गोल पात्याच्या आरागिरणीचे धनुष्यासारखे वळलेले. खणाच्या खालच्या कडा झिजल्यात का बघा. बाहेरचं लाकूड काळं आणि आतलं गोरंगोमटं असेल तर ते वयाने काळं झालेलं नसून पॉलिशने केलेलं असू शकतं.

बॉक्सच्या लाकडाबद्दल मिस्त्रींनी नाक मुरडलं. सागच, पण फिकट, मोठ्या वलयांचा, पट्टीपट्टीला पांढरट कड असलेला. आज बाजारात आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचा साग भरपूर येतो. म्यानमारने 2014 मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर तर जास्तच. नैसर्गिक जंगलात सावकाश वाढलेल्या सागाची वलयं दाट असतात. चांद्याकडच्या सागाची ख्याती आहे ती सोनेरी रंगाची आणि त्यातल्या काळसर रेघांची. ताजा तासलेला साग तेलकट लागतो, चामड्यासारखा वास येतो.

पण दारांचा साग नेमका कुठल्या जंगलातला, हे मिस्त्रींनी सांगितलं नाही. "साग आहे, एवढं लिहून देतो," बस्स. हे मला फार प्रामाणिक वाटलं. लाकूड कुठल्या जातीचं हे बंगळुरूच्या लाकूड विज्ञान संस्थेत किंवा डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत छोट्याशा तुकड्यावरून सांगता येतं. सागाची वर्षावलयं स्पष्ट असतात, त्यामुळे पुण्याच्या आयआयटीएममधल्या शास्त्रज्ञांनी ठाण्यापासून मध्य भारतापर्यंतच्या सागावरून जुन्या पावसाचा मागही घेतला आहे. दारासारख्या रुंद फळीवर पुरेशी वलयं सापडली तर ती अशा नोंदींशी जुळवून बघता येतात. पण ठाण्याच्या फ्लॅटसाठी एवढं कोण करणार?

त्यापेक्षा सोपा पुरावा रस्त्यात आहे. बल्लारपूरहून गोंडपिपरी, मग आष्टी. आष्टीच्या पुलावरून वैनगंगा दिसते. जवळच चपराळ्याला ती वर्धेला भेटते आणि दोघींची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते आणि गोदावरी थेट राजमहेंद्रीकडे. रेल्वे नव्हती तेव्हा अहेरीच्या जंगलातल्या सागाला ही वाट होती. लाकूड पाण्यावरून खाली जायचं, पूर्व किनाऱ्याकडे. आर्थर कॉटनच्या कल्पनेतून इंग्रजांनी गोदावरीच्या वरच्या पात्रातून बोटी चालवायचा घाट घातला, खडक फोडले आणि 1871 मध्ये सगळं गुंडाळलं. वर्ध्याकडून वरोऱ्यापर्यंत रुळ आले ते 1870च्या दशकात, तेही कोळशासाठी. बल्लारशाह-काझीपेठ जोडलं गेलं 1929 मध्ये.

आता हिशेब करा. दीडशे वर्षांपूर्वीचं चांद्याचं लाकूड मुंबईपेक्षा राजमहेंद्रीला पोचणं कितीतरी सोपं होतं. तेव्हाच्या मुंबईला साग मिळायचा तो मलबारचा आणि पुढे ब्रह्मदेशचा. 1817 साली मुंबईच्या गोदीत बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज मलबारच्या सागाचं आहे आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. तेव्हा पश्चिम भारतात सापडलेल्या जुन्या दाराला 'गडचिरोलीचा साग' म्हणणाऱ्याने आधी ते इकडे आलं कसं, एवढं सांगावं.

नक्षी तर आणखी बोलकी होती. आठ पाकळ्यांची फुलं चौकोनात बसवलेली, कडेने मण्यांची माळ, वर गणेशपट्टी. हे वळण गुजरात आणि खानदेशातल्या व्यापारी घरांच्या दारांचं. पेशवाई वाड्याचं काम वेगळं दिसतं. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, त्यांच्या माथ्यावरून लोंबणारी केळफुलं. पुण्याचा विश्रामबागवाडा बघितलाय ना, तसं. मुंबईचं एकोणिसाव्या शतकातलं शिसवी फर्निचर आणखी वेगळं. त्यावर पानाफुलांची इतकी गर्दी असते की बसायची भीती वाटावी. या तिन्हींत गोंड किंवा माडिया हाताचं काही नाही.

मग माडियांचं लाकूडकाम असतं कसं? आलापल्लीच्या पुढे भामरागडच्या रस्त्याला लागलं की घरं दिसायला लागतात. कुडाच्या भिंती, पुढे पडवी, धान्याला बांबूच्या विणलेल्या कणग्या, कपडे दोरीवर. कपाटात ठेवण्याजोगं सामान घरात नाही म्हणून कपाट नाही. साधी गोष्ट आहे. इथून बस्तरपर्यंतच्या पट्ट्यात लाकूड कोरलं गेलं ते गोटुलच्या खांबांवर, मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या खांबांवर, फण्यांवर, तंबाखूच्या डब्यांवर. नक्षी बहुधा भूमितीची. रेघा, त्रिकोण, ठिपके, मध्येच एखादा प्राणी. व्हेरियर एल्विन यांनी 1951च्या 'द ट्रायबल आर्ट ऑफ मिडल इंडिया'मध्ये याची तपशीलवार नोंद केली आहे. गणेशपट्टी तिथे कशी असेल? 'ट्रायबल' म्हणून विकणाऱ्याने ट्रायबल काम पाहिलेलंच नसतं, आणि विकत घेणाऱ्याने तर नाहीच नाही.

आलापल्लीहून साधारण सोळा किलोमीटरवर 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' आहे. जेमतेम सहा हेक्टरचा, न तोडता राखलेला जंगलाचा तुकडा. 2014 मध्ये तो महाराष्ट्राचा पहिला जैवविविधता वारसा स्थळ ठरला. आत शिरलं की एसीत आल्यासारखं वाटतं. मान मोडेपर्यंत वर बघावं असे साग, शेजारी ऐन, बिजा, मोह. मी एका सागाला दोन्ही हातांनी कवेत घ्यायला गेले आणि अर्ध्यावरच हात संपले. बल्लारशाह टीक, सीपी टीक, नागपूर टीक ही सगळी नावं या झाडांना बाहेर गेल्यावर मिळालेली. आलापल्लीचं नाव कुठल्याही कपाटावर नाही.

दाखल्याची ही गोष्ट फक्त शौकिनांची नाही, हे गडचिरोलीत वेगळ्या तऱ्हेने कळतं. जिल्ह्याच्या उत्तर भागात, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव आहे. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांना जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वन विभागाचा. कागद दुसऱ्याच्या हातात म्हणजे माल दुसऱ्याच्या हातात. गावाने हट्ट सोडला नाही, आणि एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. 'हा माल आमच्या जंगलातला' असं स्वतःच्या सहीने लिहायचा अधिकार. आपण दुकानात ज्याला 'प्रोव्हनन्स' म्हणून भाव देतो, तो कागद मिळवायला या गावाला एवढं झगडावं लागलं.

मैत्रिणीला आलापल्लीच्या बसस्टँडवरून फोन केला. तिने दुकानदाराला दोनच गोष्टी सांगितल्या: मागच्या बाजूचा फोटो पाठवा, आणि बिलावर 'गडचिरोली, दीडशे वर्षं' असं लिहून द्या. कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते, 1972 चा कायदाच आहे तसा. तेव्हा 'दीडशे वर्षं' लिहून सही करणं म्हणजे जबाबदारी घेणं. दुकानदार बिलावर तसं लिहायला तयार झाला नाही. 'जुन्या दारांचं सागवानी कपाट' एवढं मात्र लिहिलं आणि किंमत एक लाखावर आली. तिने घेतलं. दारं खरोखरच सुंदर आहेत. अर्ध्या कापलेल्या फुलाकडे ती आता पाहुण्यांचं आवर्जून लक्ष वेधते.

कसं जाल?
नागपूरहून चंद्रपूर साधारण 150 किमी, रेल्वे आणि एसटी दोन्ही भरपूर. चंद्रपूर-बल्लारपूर-गोंडपिपरी-आष्टी-आलापल्ली हा रस्ता सव्वाशे किमीच्या आतबाहेर. आलापल्लीहून हेमलकसा आणखी 60 किमीच्या आसपास. तिथे आमटे कुटुंबाचा 1973 पासूनचा लोकबिरादरी प्रकल्प बघता येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे, तेव्हा तो मोसम टाळा. 'ग्लोरी'ला जाण्याआधी आलापल्लीच्या वन कार्यालयात विचारून घ्या आणि अंधार पडायच्या आत परता. लाकूडकाम विकत घ्यायचं असेल तर बिल मागा आणि बिलावर गावाचं नाव लिहून घ्या.